दारफळणीच्या आधी

हसाजी झिरादकर मुरपल्लीच्या टपाल कचेरीत मास्तर म्हणून आले ते १९५१ साली. चांदा जिल्ह्याच्या दक्षिणेला, सागाच्या जंगलात वसलेलं हे गाव. मोटार नऊ मैल अलीकडेच थांबे. तिथून टपालाची थैली हरकारा पायी आणी.

हसाजी अलिबागकडचे, बेने इस्राएल या यहुदी समाजातले. वडिलांचा तेलाचा घाणा होता आणि तो शनिवारी बंद असे, म्हणून तिकडे या लोकांना शनिवार तेली म्हणत. मुरपल्लीत यहुदी म्हणजे कोण हे कोणालाच ठाऊक नव्हतं. लोकांनी आपापल्या परीने समजून घेतलं. मास्तरच्या घरात मूर्ती नाही की फोटो नाही. शनिवारी रिबकाबाई, म्हणजे मास्तरीणबाई, चूल पेटवत नाहीत. मासळीवाली रंभा खवल्यांचा मासा असेल तरच त्यांच्या दाराशी टोपली उतरवी. बिनखवल्यांचा मागूर असला की तशीच पुढे जाई. शनिवारीही टपाल येतच असे. मास्तर कचेरी उघडत, शिक्के मारत आणि दिवसभर स्वतःवर नाराज असत.

त्यांचे सण चंद्रावर चालत, पण त्यांचा अधिक महिना वेगळा पडे. नुसतं पंचांग पाहून भागत नसे. म्हणून थोरले भाऊ दरवर्षी श्रावणाच्या आत अलिबागहून यहुदी तारखांचं छापील कॅलेंडर धाडत. १९५५ साली ते आलंच नाही.

त्या जुलैत झिंगू हरकारा नाला ओलांडताना पाय घसरून पडला होता. तो जंगलातल्या पाड्यावरचा गोंड. अकरा वर्षं घुंगरांचा भाला खांद्यावर टाकून हीच वाट धावत होता. थैली त्याने सोडली नव्हती, पण ती भिजली. हसाजींनी मनाशी ठरवून टाकलं की कॅलेंडर तेव्हाच वाहून गेलं. बाजाराच्या दिवशी, कचेरीपुढे माणसं जमलेली असताना, ते झिंगूला म्हणाले, "थैलीचं तोंड उघडं ठेवलंस तू. लोकांची पत्रं नाल्यात टाकतोस!"

"थैली बांधूनच होती, मास्तर," झिंगू म्हणाला. "एकबी कागद नाई गेला."

हसाजींनी वर कळवलं. टपाल हयगयीने हरवलं, असे शब्द लिहिले. महिन्याभरात झिंगूला कामावरून काढल्याचा हुकूम आला, आणि दुसरा माणूस नेमला गेला.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात रिबकाबाई पिठाच्या डब्याखाली घालायला जुना कागद शोधत होत्या. माळ्यावर वर्तमानपत्राची एक गुंडाळी होती, दोऱ्याने बांधलेली, न उघडलेली. भावाने या खेपेला कॅलेंडर वर्तमानपत्रात गुंडाळून पाठवलं होतं. जूनमध्ये आलेली ती गुंडाळी हसाजींनी स्वतःच, नंतर वाचू म्हणून, वर टाकली होती.

रिबकाबाईंनी कॅलेंडर त्यांच्यापुढे ठेवलं. दारफळणीचा सण सव्वीस सप्टेंबरला येत होता. त्या दिवशी दार लावून घ्यायचं, पांढरे कपडे घालायचे, पाण्याचा थेंबही न घेता वर्षभराच्या पापांची क्षमा मागायची.

"आता झिंगूचं काय?" रिबकाबाईंनी विचारलं.

हसाजींनी सव्वीस तारखेवर बोट ठेवलं. लहानपणी वडिलांनी एक गोष्ट पक्की शिकवली होती. देवाचा अपराध केला तर तो उपासाने फिटतो. माणसाचा केला तर त्या माणसाकडेच जावं लागतं. त्याने नाही म्हटलं तर तीनदा जावं. तोवर देवही त्या बाबतीत काही करत नाही.

अठरा तारखेला रविवार होता. हसाजी सहा मैल चालून पाड्यावर गेले. झिंगू अंगणात बांबूची टोपली विणत होता. त्याची बायको मंगली पाणी घेऊन आली, पण मास्तरला पाहताच तांब्या खाली ठेवून आत निघून गेली.

"चूक माझी होती," हसाजी म्हणाले. "कागद माझ्या घरात सापडला. मला माफ कर."

झिंगूने बांबूची कांब दुमडली. "तुमच्या देवाले सांगा ना. मले काऊन सांगता?"

"त्याचंच म्हणणं आहे, आधी तुला विचारावं."

"असं म्हणते का तो?" झिंगूने पहिल्यांदाच वर पाहिलं. "मंग आयका. गावासमोर मले चोरासारखं केलं तुमी. आता माफी मांगाले इथी एकटेच आले. हे नाई जमत, मास्तर."

हसाजी परतले. त्यांना राग आला होता, तो मुख्यतः झिंगूचं म्हणणं खरं असल्याचा. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर सविस्तर पत्र लिहिलं: टपाल हरवलं नव्हतं, हयगय माझी, हरकाऱ्याला परत घ्यावं. रिबकाबाईंनी ते वाचलं. चांद्याला बदली होण्याची बोलणी चालू होती, मुलीच्या पुढच्या शाळेची सोय तिथेच होती.

"हे पाठवलंत तर चांदा विसरा," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने त्यांनीच पाकिटाला डिंक लावला.

गुरुवारी बाजार भरला. झिंगू टोपल्या घेऊन बसला होता. हसाजी कचेरीतून उठून त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "झिंगूने टपाल हरवलं नाही. कागद माझ्या घरी होता. मी खोटं बोललो." आवाज चिरकला. मीठ घेत असलेली एक बाई थांबून पाहू लागली. कोणीतरी हसलं. मागच्या एकाला वाटलं की मास्तरचंच काही हरवलं आहे. मग बाजार पुन्हा चालू झाला.

"आता माफ केलंस?" हसाजींनी हलक्या आवाजात विचारलं.

झिंगूने तंबाखू मळली, त्यांच्यापुढे हात केला. "अर्ध केलं. अर्ध काम परत भेटल तवा."

तेवढ्यावरच हसाजींनी दारफळणीचा उपास केला. दिवसभर दार बंद होतं. टपाल घ्यायला आलेल्यांना रिबकाबाईंनी खिडकीतून उद्या या म्हणून सांगितलं. त्या दिवसाची रजा हसाजींनी रीतसर घेतली होती.

डिसेंबरात हुकूम आला. झिंगूला परत घेतलं. नव्या हरकाऱ्याने वाटेत वाघ पाहिला होता आणि त्याला ते काम नकोच होतं. हसाजींना ताकीद मिळाली, बदली रद्द झाली. रिबकाबाई आठवडाभर कमी बोलल्या. मुलीला शेवटी अलिबागला आत्याकडे ठेवावं लागलं, आणि ते त्यांनी मनातून काढलं नाही.

पहिल्या दिवशी झिंगू थैली घेऊन आला तेव्हा हसाजींनी तिसऱ्यांदा विचारलं, "आता?"

"आता काय? टपाल काढून द्या, मले परत जाची येळ झाली."

हसाजींनी याचा अर्थ होकार असा घेतला. रिबकाबाईंना तसं वाटलं नाही.

पुढे रविवारी हसाजी कधीकधी पाड्यावर जात. मंगली पाण्याचा तांब्या आता हातात देई. एकदा झिंगूने विचारलं, "तुमचा देव कसा दिसते?"

"दिसत नाही. त्याला रूप नाही. तो एकच आहे."

"बायको, भाऊ, कोणीच नाई?"

"कोणीच नाही."

"मंग त्याले करमते कसं?"

हसाजींनी बराच विचार केला. म्हणून तर तो माणसांच्या भानगडीत एवढं लक्ष घालतो, असं काहीसं ते बोलले, पण बोलून झाल्यावर ते त्यांना स्वतःलाच पटलं नाही.

१९५८ साली थोरले भाऊ इस्राएलला निघाले. त्यांनी हसाजींनाही बोलावलं. हसाजींनी कळवलं की अजून चार वर्षं नोकरी आहे. ती चारही वर्षं त्यांनी मुरपल्लीतच काढली.