एकाच नावाचं सहावं प्रमाणपत्र

तेव्हा मी एकसष्ट वर्षांची पोरगी होते. निवृत्तीनंतर कॉम्प्युटरचा एक कोर्स केलेला, आणि जबलपुरातल्या आमच्या मराठी मंडळाची वेबसाइट माझ्या ताब्यात. मान इतकी ताठ की पायाखालचं दिसत नसे.

मंडळाला मुलांसाठी मराठीचा वर्ग काढायचा होता. मदन महाल भागातल्या एका शाळेनं खोली कबूल केली, पण शनिवारपर्यंत बारा नावं आली तरच. नोंदणीचा फॉर्म वेबसाइटवर. आणि सोमवारी वेबसाइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपली. फॉर्म उघडला की लाल पाटी : ही साइट सुरक्षित नाही, तुमची माहिती चोरीला जाऊ शकते.

प्रमाणपत्र फुकट मिळतं. सर्व्हरला एक आज्ञा दिली की दोन मिनिटांत हजर. मी दिली, ते आलं. पाटी लालच.

शहाणी बाई इथे थांबली असती. पण मी तीस वर्षं खमरियाच्या दारूगोळा कारखान्यात माल तपासण्यात काढलेली. नगावर शंका आली की तो बाद, नवा करून आणा. मी प्रमाणपत्र, ते ज्याच्यावाचून चालत नाही त्या किल्लीच्या फाइलसकट पुसलं, नवं मागवलं. पाटी लाल. तेही बाद. अशी पाच मी मोठ्या रुबाबात बाद केली. सहाव्या वेळी उत्तर आलं : साइटच्या याच नावांसाठी या आठवड्यात पुरेशी प्रमाणपत्रं दिली, आता थांबा.

नागपूरला मुलीला फोन लावला. तिचं कामच हे.

"आई, सर्व्हर रीस्टार्ट केला होता?"

"काहून? तो तर चालूच होता."

"तो जुनंच प्रमाणपत्र धरून बसला होता. तुझं पहिलंच बरोबर होतं. पुसून काहून राहिली होती?"

"बाद होतं ना."

"बाद तू केलं."

"मग पाचही रद्द करते. जागा होईल."

"नाही होत. दिलं ते दिलंच धरतात."

तिला न सांगता एक रद्द करून पाहिलंच. काही झालं नाही.

तिनं एक वाट सांगितली : प्रमाणपत्रावरच्या साइटच्या नावांत आणखी एक जोडून माग, म्हणजे यादी वेगळी ठरते. पण नवं नाव आधी डोमेनच्या, म्हणजे साइटच्या पत्त्याच्या, नोंदीत घालावं लागतं, आणि तिथला पासवर्ड माजी सचिवांकडे. ते म्हणाले, शोधतो. अजून शोधून राहिले.

गुरुवारी कागदी फॉर्म घेऊन ऑटोनं रांझीच्या मराठी घरांत गेले. एक आई अदबीनं म्हणाली, "दीदी, वो वायरस वाली साइट है न? ग्रुप में सबको आया है."

"साइट नाही, हा कागद आहे," मी म्हटलं. तिनं कागदही दोन बोटांनी धरला.

शनिवारी तीन नावं. शाळेनं खोली दुसऱ्या क्लासला दिली. "अगले साल देखते हैं जी," प्राचार्य म्हणाले. पुढच्या साली त्यांनी विचारलं नाही, मीही नाही.

त्या शनिवारनंतरच्या मंगळवारी, आठवडा उलटल्यावर, प्रमाणपत्र एका झटक्यात आलं. सर्व्हर रीस्टार्ट केला. पाटी गेली. फॉर्म कोणी उघडला नाही.

त्या तिघांना म्हटलं, माझ्या घरी या. दोघं दिवाळीपर्यंत आली. तिसरा त्यानंतरही येत राहिला, म्हणून मी हुरळले. मग एक दिवस त्याच्या आईनं विचारलं, "काकू, त्यापेक्षा गणित घेता का?"

घेतलं. हिंदीतून.