पुढच्या शनिवारचा तंबू

तंबूच्या पिशवीला अजून निलगिरीच्या पानांचा वास आहे. साथीत विमानं बंद झाल्याने बाबा आमच्याकडे ॲडलेडला अडकले होते. अखेर परतीचं तिकीट मिळालं, तेव्हा त्यांची एकच इच्छा उरली होती: एक रात्र जंगलात तंबूत झोपायचं. बायको म्हणाली, "पुढच्या शनिवारचं नॅशनल पार्कचं बुकिंग कर." मी येता सोडून त्यानंतरच्या शनिवारचं केलं. "अरे, पुढचा म्हणजे येता! तुझ्या शनिवारनंतर दुसऱ्याच दिवशी बाबांचं विमान आहे," ती चिडली. येत्या शनिवारी पार्कात एकही जागा शिल्लक नव्हती. "भांडू नका, मी मागच्या अंगणात झोपेन," बाबा म्हणाले. बुधवारी अचानक लॉकडाउन लागला आणि येत्या शनिवारची सगळी बुकिंग रद्द झाली. आमच्या शनिवारआधी तो उठलाही. फाटकावरच्या रेंजरने यादीत नाव शोधलं, "नो वरीज" म्हणत आत सोडलं, तेव्हा कुठे बायकोचा चेहरा सैलावला. सकाळी गॅसच्या शेगडीवर चहा उकळत असताना बाबा तंबूतून बाहेर आले. "उशाशी कांगारू गवत खात होता रे. आता मी जायला मोकळा." आजही पुण्याहून फोन ठेवताना ते म्हणतात, "पुढच्या शनिवारी बोलू," आणि लगेच विचारतात, "तुझ्या की सूनबाईच्या?"