रिकाम्या झोळीचं वजन

तिला सगळे शून्यबाई म्हणत. अकरा आरोग्यसेविकांवर देखरेख ठेवायची ही तिची नोकरी. एकवीस वर्षांत तिने त्यांना दुसरं काही शिकवलं असो वा नसो, एक गोष्ट मात्र घोटून घेतली होती. घड्याळासारखा गोल वजनकाटा आढ्याला टांगायचा, त्याच्या आकड्याला आधी रिकामी झोळी लावायची, बारका स्क्रू फिरवून काटा शून्यावर आणायचा आणि मोठ्याने "शून्य" म्हणायचं. मगच मूल झोळीत. सेविका तिच्या पाठीमागे तिची नक्कल करत, मान ताठ करून, एक डोळा बारीक करून. तिला ते ठाऊक होतं. नक्कल करायला का होईना, शून्य म्हणतात ना, मग झालं.

गेल्या वर्षी कुपोषित मुलांच्या पोषण पाकिटांचा भार एका परदेशी संस्थेने उचलला. संस्थेचा तंत्रज्ञ आला, अकराही काटे त्याने स्वतः शून्यावर आणले आणि स्क्रूवर चंदेरी स्टिकर चिकटवला.

"आता याला हात लावायचा नाही. सील तुटलं की तुमचे आकडे बाद."

शून्यबाईला ते जरा झोंबलं. पण सही-शिक्क्याच्या गोष्टीशी तिने कधी वाद घातला नव्हता. "स्टिकरला कुणी बोट लावलं तर गाठ माझ्याशी आहे," तिने सेविकांना बजावलं. स्क्रू फिरवायचाच नाही म्हटल्यावर काट्याकडे बघायचं तरी कशाला? हळूहळू बघणं सुटलं. तोंडाने शून्य म्हणणं तेवढं चालू राहिलं.

महिनाभराने नव्या झोळ्या आल्या. जाड निळं कापड, रुंद पट्टे, लोखंडी बकलं, पाठीवर संस्थेचं चिन्ह. जुन्या सुती झोळ्या तशाही विटल्या होत्या. शून्यबाईने नव्या स्वतःच्या हाताने वाटल्या.

तीन महिन्यांनी अहवाल आला. पाकिटं मिळणाऱ्या एक्केचाळीस मुलांपैकी बत्तीस धोक्याच्या रेषेच्या वर गेली होती. वरच्या साहेबांना आकाश ठेंगणं झालं. पाठोपाठ पत्र: बत्तीस मुलांची शिल्लक खोकी, एका मुलामागे एक, गुरुवारी ट्रकने परत करावीत, परतीच्या कागदावर देखरेख करणाऱ्यांची सही असावी. आणि सोमवारी परदेशातल्या बैठकीत, पडद्यावरून, शून्यबाईंनी चार मिनिटं आपली यशोगाथा सांगावी.

शुक्रवारी सेविकांमधली सगळ्यात जुनी, जिला बाकीच्या थोरली म्हणत, केंद्रात आली आणि पिशवी टेबलावर आपटून उभी राहिली.

"बाई, त्या शिंपिणीच्या धाकटीला आज उचललं. हलकी झालीय."

"कागदावर तीनशे ग्रॅमने वाढलीय."

"कागदाने उचललंय का तिला? पंधरा दिवस पोरगीला जुलाब होतायत. जुलाबाने वजन वाढायला लागलं तर मी उद्यापासून दवाखानाच बंद करते."

"काटा बिघडला असेल."

"अकराच्या अकरा? एका दिवशी मुहूर्त बघून?"

शून्यबाई उठली. थोरलीच्या पिशवीतला काटा तिने टांगला, निळी झोळी आकड्याला लावली आणि सवयीने म्हणाली, "शून्य." मग वर बघितलं. काटा साडेतीनशे ग्रॅमवर होता.

तिने झोळी काढली, पुन्हा लावली. कपाटातून जुनी सुती झोळी शोधून ती लावली. काटा बरोबर शून्यावर. तंत्रज्ञाने काटे सील केले ते जुन्या झोळीवर. नवी झोळी साडेतीनशे ग्रॅमने जड होती, आणि तेवढं वजन तीन महिने प्रत्येक मुलाच्या नावावर चढत होतं.

"मीच वाटल्या ना या?" ती म्हणाली.

"तुम्हीच," थोरली म्हणाली. तिला खोटं समाधान करता येत नसे.

घरी नवऱ्याने ऐकून घेतलं. तो निवृत्त बसड्रायव्हर. पुढचं वळण आधी बघायची सवय.

"विचारतील, तीन महिने झोपली होतीस का?"

"विचारतील."

"मग काय सांगशील?"

"झोपले होते."

"दोन वर्षं राहिलीत पेन्शनला. जरा जपून ब्रेक मार."

शनिवारी ती साहेबांकडे गेली. साहेबांनी झोळी हातात घेऊन तोलल्यासारखं केलं आणि ती लगेच टेबलाखाली ठेवली.

"आता? अहवाल मंत्र्यांपर्यंत गेलाय. पुढच्या तिमाहीत हळूच दुरुस्त करू."

"आणि गुरुवारचा ट्रक?"

"तो वेगळा विषय आहे."

"साहेब, तोच तर विषय आहे."

"सोमवारी चार मिनिटं गोड बोला. बाकी माझ्यावर सोडा." साहेबांवर सोडलेल्या गोष्टींचं एक आख्खं कपाट त्याच खोलीत होतं. झोळी तिने टेबलाखालून काढून घेतली.

सोमवारी पडद्यावर सहा चौकोन होते, सहा चेहरे. शेजारी साहेब, पलीकडे दुभाषी. शून्यबाईने यशोगाथेचा कागद दुमडून ठेवला, पिशवीतून काटा काढला आणि दुभाष्याला धरायला लावला. त्याला निळी झोळी लटकवली.

"यात मूल नाही," ती म्हणाली. "तरी साडेतीनशे ग्रॅम. हे सांगा त्यांना. चूक माझी आहे तेही सांगा. मुलं बरी झालेली नाहीत."

दुभाष्याने सांगितलं. एका चौकोनातल्या बाई पुढे वाकल्या, दुसऱ्यात कुणीतरी लिहून घेतलं. मग उत्तर आलं: या प्रामाणिकपणाबद्दल मनापासून आभार, मात्र या तिमाहीचे आकडे बंद झाले आहेत, नोंद पुढच्या तिमाहीत घेऊ. आणि हो, झोळीचा फोटो पाठवता येईल का? मांडणी फार परिणामकारक वाटली.

"तोवर मुलांनी काय खायचं, विचारा ना."

दुभाष्याने साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी घड्याळाकडे. चार मिनिटं संपली होती. तिचा चौकोन गेला आणि दुसऱ्याच देशातला कुणी माणूस आपल्या देशातल्या वाढत्या वजनांबद्दल बोलू लागला. त्याच्या मागे निळी झोळी टांगलेली होती.

संध्याकाळी तिने अकराही सेविकांना काट्यांसकट केंद्रात बोलावलं. भाजी कापायच्या सुरीने पहिला स्टिकर तिने स्वतः खरवडला.

"बाई, गाठ तुमच्याशी होती ना?" एकीने विचारलं.

"आहेच. म्हणून मीच काढतेय. उरलेले दहा द्या इकडे."

मंगळवार, बुधवार त्या घरोघर फिरल्या. आयांच्या शिव्या खाल्ल्या. आठवड्यापूर्वी "तुमचं मूल बरं झालं" असं सांगून गेलेल्या बायका आता पुन्हा दारात. "मग तेव्हा काय खोटं बोलला होता?" शिंपीण म्हणाली. थोरलीने काटा टांगला. या वेळी शून्य म्हणताना प्रत्येकीने वर पाहिलं. बत्तीस मुलांतली एकोणतीस रेषेखालीच होती. शिंपिणीची धाकटी सगळ्यांत खाली.

गुरुवारी ट्रक आला. शून्यबाईने गोदामाच्या दारात तीन खोकी काढून ठेवली होती.

"बत्तीस लिहिलीत," ट्रकवाला म्हणाला.

"तीनच मुलं बरी झालीत. तीन खोक्यांवरच सही मिळेल."

"मला काय, मावशी. हलकंच बरं." तीन खोकी ट्रकमध्ये टाकून तो गेला. उरलेल्या खोक्यांत पाच आठवड्यांची पाकिटं होती. त्यानंतर काय, हे कुणालाच माहीत नव्हतं. नवी मागणी नोंदवायची तर जुने आकडे आड येत होते.

पुढच्या आठवड्यात तिला दोन लिफाफे आले. एकात संस्थेचं चकचकीत पत्रक, त्यात बैठकीतला, झोळी लटकवतानाचा तिचा फोटो आणि खाली बत्तीस मुलं बरी झाल्याचा आकडा. दुसऱ्यात साहेबांची कारणे दाखवा नोटीस: अकरा काट्यांची सीलं कोणाच्या परवानगीने तोडली? खुलाशासाठी दोन ओळींची जागा सोडली होती.

तिने पत्रक घडी घालून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवलं. मग नोटीस पुढे ओढली, पहिल्या ओळीच्या सुरुवातीला "माझ्या" असं लिहिलं आणि उरलेल्या जागेत, अक्षरं बारीक करत करत, एकोणतीस मुलांची वजनं लिहायला घेतली. सातव्या मुलापाशी जागा संपली. तिने कोरा कागद घेतला, नोटिशीला टाचला आणि आठव्यापासून पुढे लिहू लागली.