हट्ट नव्हे, हेका

माझं अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ हमखास चुकतं. चौथीनंतर शाळा सुटली. ही वही कुणाच्या हाती लागलीच तर सांभाळून घ्यावं.

सांगलीला माझ्या माहेरी हट्ट वेगळा आणि हेका वेगळा. पोर जत्रेत फुगा मागतं तो हट्ट. बैल भरल्या गाडीसकट खाली बसतो तो हेका. हट्टाला काहीतरी हवं असतं, हेक्याला नको असतं. लग्न होऊन रहिमतपूरला आले तर सासूबाईंनी हा शब्द मलाच लावला.

मला म्हैस घेऊन द्यायला त्यांनी आपली बोरमाळ मोडली होती. बोलता बोलता त्यांचा हात गळ्यातल्या माळेच्या रिकाम्या जागी जायचा, ते मला बघवत नसे. डेअरीकडून दुधाचा पगार खात्यावर आला की मी पैसे त्यांच्यापुढं धरायचे.

“आवं आत्याबाई, घ्या की.”

“घरातल्या घरात कसलं उसनं? ठिव तिकडं.”

“तुमची माळ परत व्हईल.”

“न्हाई म्हनलं न्हवं? लय हेकट हायस बग.”

आणि स्वतः? शेवटी मी पैसे डब्यात साठवत गेले.

म्हशीचाही हेका होताच. माझ्याशिवाय कुणाला पान्हा सोडायची नाही. एकदा मला सणसणून ताप भरला. सकाळपासून म्हैस कुणाला जवळ येऊ देईना, कास दगडासारखी झाली. तिन्हीसांजेला सासूबाई माझी वापरातली पाचवारी नेसून गोठ्याकडं निघाल्या. जन्मभर लुगडं नेसलेली बाई. लेकाच्या लग्नात सगळ्यांनी आग्रह केला, तरी गोल साडी अंगाला लावली नव्हती.

मामंजी ओट्यावरून म्हणाले, “आता गं? नवी नवरी आणली का काय?”

“गप बसा. मुक्या जनावराला वासानं मानूस कळतं.”

गोधडीत पडल्या पडल्या मला चरवीत पडणाऱ्या धारा ऐकू आल्या.

हिंडू-फिरू लागल्यावर मी त्यांना नवं लुगडं घेतलं, पाटावर बसवलं आणि ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. तांदळाखाली डब्यातले सगळे पैसे. पदर जड लागला तसं त्यांनी चाचपून बघितलं.

“ह्ये काय गं?”

“ओटी माघारी देत न्हाईत, आत्याबाई.”



“हेकट मेली,” म्हणाल्या आणि पदराला गाठ मारली. बोरमाळेचे सगळे पैसे फिटले.