उदमांजराचा श्वास चालू होता

मंडळी, मी मेलेल्या रानटी प्राण्यांच्या पोटातल्या जंतांवर पीएचडी करते. तीन वर्षांत जमवलेली आतडी गेल्या आठवड्यात कॉलेजचा फ्रीज बंद पडून सडली. मुदतीला दोनच महिने उरलेत.

खानापूर रस्त्यावरच्या चहावाल्या आप्पांना मी मेलेलं जनावर दिसलं की कळवायला सांगून ठेवलंय. आज सकाळी त्यांचा फोन आला, "आक्का, उदमांजराला गाडीनं उडवलंय." खरं सांगते, मला आनंद झाला. बेळगावहून तशीच स्कूटीवर निघाले.

पोचले तर आप्पा म्हणाले, "अजून श्वास हाय गं त्याचा."

वनखात्याला फोन लावला, पण मनातून त्याच्या मरणाचीच वाट बघत होते. ते लोक त्याला जिवंत घेऊन गेले.

मी रस्त्याकडेला बसून रडले. काम बुडालं म्हणून, की स्वतःची लाज वाटली म्हणून, कळेना. तुमच्यापैकी कुणावर अशी वेळ आली आहे का?