लाल कड कुणीकडं

जळाल्याचा वास आधी आला, मग खालून ओरडणं आलं, आणि मला तवाच कळलं की हे माझंच हाय. कुणी सांगितलं नव्हतं. मी वरच्या मजल्यावर कॉम्प्युटरपुढं बसले होते, हात माऊसवर. खाली टेस्टिंगच्या टेबलावर डबा लावला की धूर, दुसरा लावला की धूर. शिफ्टचे साहेब ओरडायले होते, "कुणी भरले हे डबे? नसरीन आपा, तुमच्या लाईनचेच ना?"

मी ड्रॉईंग उघडलं. मोठं करून बघितलं. लाल कड उलट्या बाजूला दाखवलेली. मीच दाखवलेली.

थांबा. असं मधूनच सांगितलं तर तुम्हाला काय कळणार. गावाकडच्या बायांनो, आणि माझ्यासारख्या गाव सोडून आलेल्या बायांनो, मी पहिल्यापासून सांगते, धाप लागली तरी सांगते.

मी पैठणच्या पलीकडच्या गावची. दोन वर्षांखाली निघाले तवा कडेवर सांची, हातात एक पिशवी, पिशवीत तिचे कपडे आणि माझे आयटीआयचे कागद, ते बी अर्धेच. ड्राफ्ट्समनचं एक वर्ष झालं आणि दुसऱ्या वर्षी लग्न करून दिलं. सांची अडीच वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. पाठीमागं परात पडली तरी वळायची नाय. सासू म्हणायची, "बोलंल की. तिचा बाप बी उशिराच बोलला व्हता." मी म्हणलं, बोलायचं जाऊ द्या, तिला ऐकूच येईना. तर म्हणे, "शहरात जायचं निमित्त पायजे तुला." सासू दारातच उभी राहिली, स्टँडवर आली नाय. माझी आई मात्र शेजारच्या गावावरून चालत आली. एसटीच्या खिडकीला हात धरून म्हणली, "तिथं तोंड वर करून बोलू नको. कुणी काय म्हणलं तर गप राहायचं. गप राहिलं की दिवस निघून जातो." गाडी हालली तरी आई बोलतच होती. सांची नुसती तिचे ओठ हालताना बघायली होती. तिला काहीच ऐकू येत नव्हतं, आणि मला मात्र ते अजून ऐकू येतं.

नवरा चाकणला कंपनीत, महिन्यातून दोनदा येतो. मी वाळूजला लागून असलेल्या रांजणगावात एक पत्र्याची खोली घेतली. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावला आणि दुसऱ्या दिवशी वाळूजच्या एका बारक्या कंपनीत कामाला लागले. मशीनीचे कंट्रोल बनतात तिथं, लोखंडी डबे, आत इलेक्ट्रॉनिकचे बोर्ड. मी लाईनवर पेच कसायला होते. शेजारी नसरीन आपा. जुन्या शहरातल्या शहागंजकडची, चाळिशीतली, तोंडाची तिखट. पहिल्याच दिवशी म्हणली, "ये देहातन, पेचकस है वो, लाटना नक्को समझ." सगळ्या हसल्या. दुपारी तिनंच डब्यातली अर्धी रोटी माझ्याकडं सरकवली. कंत्राटदाराकडून आलेली बाई ती, पण अकरा वर्षांचा हात, डोळे झाकून वायर लावायची.

सांचीला कानाचं मशीन मिळालं ते कंपनीकडून मिळालेल्या सरकारी विम्याच्या कार्डावर. आठवड्याला एकदा बोलायला शिकवतात ते बी कार्डावरच. कार्ड माझ्या नोकरीवर. हे एवढं ध्यानात ठेवा, कारण मी पुढं जे केलं ते सगळं त्या कार्डापायी केलं. की नुसतं भ्यायले म्हणून केलं. आता मला बी वेगळं करता येईना.

सहा महिन्यांनी डिझाईनच्या साहेबांना कळलं की माझं ड्राफ्ट्समनचं एक वर्ष झालंय. वर ड्रॉईंग काढणारी पोरगी लग्न होऊन गेली होती. विचारलं, "सॉफ्टवेअरवर ड्रॉईंग येतं का?" मी येतं म्हणलं. येत नव्हतं. शिकले. आता एका डब्यात तीन बोर्ड असतात, एकावर एक. साहेब एकेक बोर्ड बनवतात, मी तिन्ही बोर्ड कॉम्प्युटरमध्ये डब्यात बसवते, मग त्याचं कागदावरचं ड्रॉईंग काढते. वरून कसं दिसतं, बाजूनं कसं दिसतं, कुठला पेच कुठं, कुठली वायर कुठं, गोलात नंबर, कडेला यादी. तो कागद लाईनवर क्लिपला टांगतात. बाया तो बघून काम करतात. कागदात हाय तसंच करायचं, आपलं डोकं लावायचं नाय, असा नियम. मी खाली होते तवा मला तो कागद म्हणजे देवाघरून आलेला वाटायचा. कधी मनात आलं नाय की वर माझ्यासारखीच कुणीतरी घाबरलेली पोरगी बसली असंल.

आईला फोनवर सांगायचे, आज व्ह्यू लावले, रिव्हिजन काढली. ती म्हणायची, "काय बडबडायलीस, माणसासारखं बोल." गावात माझा हात शिलाई मशीनवर होता, इथं माऊसवर. तिथं पोराबाळांचे मापं घ्यायची, इथं मिलिमीटर. तिथं चुकलं तर ब्लाऊज उसवायचा. इथं उसवता येत नाय.

आणि चूक बी ब्लाऊजवालीच केली. कापड उलटं-सुलटं न बघता कापलं की दोन्ही बाह्या एकाच हाताच्या होतात, ज्यांनी शिवलंय त्यांना ठाऊक. तसंच. वरच्या बोर्डाच्या खालच्या अंगाला वायरची चपटी पट्टी लागते. तिची एक कड लाल. ती लाल कड एक नंबरच्या पिनकडं पायजे. पट्टी ज्यात खुपसायची त्या कनेक्टरला खाच नाय, पट्टी कशी बी बसती, आणि बोर्डावरची खूण कनेक्टरखाली झाकून जाती, म्हणून बायांना कागदाशिवाय आधार नाय. बोर्डाची खालची बाजू दाखवायची तर सॉफ्टवेअरमध्ये दोन तऱ्हा. बोर्ड पालथा करून दाखवायचा, नायतर वरूनच काचेतून आरपार बघितल्यासारखा. एका बारीक चौकोनातल्या टिकच्या खुणेचा फरक. आरपारमध्ये डावं-उजवं उलटं पडतं. माझं आरपारच राहिलं. डिझाईनचे साहेब पुण्याला जायच्या घाईत होते, त्यांनी न बघताच कॉम्प्युटरमध्ये सही ठोकली.

आणि आपानं विचारलं होतं. काल, शनिवारी सकाळी, जिन्यात धरलं मला. "सुन बेटा, लाल बाजू इधरच ना? पिछले डब्बे में उधर थी." माझ्या कानाला फोन, सांचीच्या शिकवणीवाल्या बाई वेळ बदलायल्या होत्या. मी थांबले बी नाय. म्हणलं, "ड्रॉईंगमध्ये हाय तसंच करा आपा." ती म्हणली, "हौ," आणि गेली.

तर धूर निघाला तवा मी काय केलं ते सांगते. ती टीक बदलली. चित्र पलटलं, लाल कड बरोबर जागेवर आली. ड्रॉईंगच्या कोपऱ्यात एक चौकोन असतो, त्यात रिव्हिजनचं अक्षर. काही बदललं की ए चं बी करायचं, आणि का बदललं ते लिहायचं. मी ए तसंच ठेवलं. प्रिंट काढली. खाली सगळे टेबलाभोवती गोळा झाले होते. मी आपाच्या जागेवरचा कागद क्लिपातून काढला, नवा लावला, जुना घडी करून ओढणीखाली धरला.

वळले तर आपा बघायली होती.

शिफ्टच्या साहेबांनी तोच कागद हातात घेतला. "ड्रॉईंग तर बरोबर आहे. लाल कड इकडं दाखवलीय. तुम्ही तिकडं कशी लावली? अकरा वर्षं काय केलं आपा, चष्मा लागला का?" कुणीतरी हसलं. आपा म्हणली, "हो गया होगा साब." मग साहेब माझ्याकडं वळले. "तू बघ गं. बरोबर आहे ना ड्रॉईंग?"

मी म्हणलं, "हो सर. बरोबर आहे."

साहेबांनी आपाला सांगितलं, सोमवारपासून येऊ नका.

मी गेटपर्यंत पळत गेले. म्हणलं, "आपा, मी सांगते साहेबांना." तोंडानं म्हणलं, पण पाय वळेनात, आणि ते तिनं बघितलं. म्हणली, "नक्को. कार्ड बंद हुआ तो बच्ची का क्या होंगा? मैं कहीं भी पेच कस लूंगी." सुट्टीच्या दिवशी आपा सांचीला खेळवायला यायची, सांची तिला "पा" म्हणते. दोनच शब्द येतात तिला, "मा" आणि "पा". नवरा म्हणतो, पा म्हणजे पप्पा. आपा म्हणायची, "चल हट, पप्पा को कब देखी वो? मेरेच कु बुलाती." काल गेटवर मला तेच आठवत राहिलं. रिक्षात बसता बसता आपा थांबली. "एक बात बता. मैंने तेरेकु पूछी थी ना सुबह?"

"व्हय आपा."

"बस. मेरेकु लगा मैंच भूल गई." आणि रिक्षा गेली.

आज रविवार. दुपारची वेळ, सांची मशीन काढून झोपलीय. गावाकडच्या बाया फोन करतात, म्हणतात घर सोडून गेलीस, शहरवाली झालीस. मला गावाची याद येत नाय असं नाय. पण बायांनो, मी खोटं नाय सांगत, मला आता घर म्हणलं की ना गाव दिसतं, ना ही खोली. सकाळी सांचीच्या कानाला मशीन लावते, ती मान वळवून माझ्याकडं बघते, तेवढं एक क्षणभर मला घरी असल्यासारखं वाटतं. बाकी सगळीकडं मी भाड्यानंच राहते. आणि आज सकाळी त्या एका क्षणात बी मला आपाच दिसली. लाईनवरचं तिचं ते बाक, आता रिकामं.

अजून संपलं नाय. काल सुटताना शिफ्टच्या साहेबांनी एक कागद दिला. रिपोर्ट. नुकसानीचं कारण, ऑपरेटरची चूक. खाली दोन सह्या. एक त्यांची झालेली. दुसरी माझी पायजे, ड्रॉईंग तपासलं, बरोबर होतं म्हणून. देताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नाय, चूक कुणाची ते त्यांना बी ठाऊक असावं. तो कागद कंत्राटदाराकडं गेला की त्याच्या कुठल्याच कंपनीत आपाला पुन्हा घेणार नायत. नाय सही केली तर साहेब का म्हणून विचारतील, आणि मग रिव्हिजन, मग फाईल कधी बदलली ती वेळ, सगळं कॉम्प्युटरमध्ये हाय.

उद्या सकाळी नऊला कागद द्यायचाय. सांची उठली की मी तिला मशीन लावीन, ती "पा" म्हणंल, आणि मला तिची नजर चुकवून बाहेर बघावं लागंल. मला कुणाला विचारायला नाय इथं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणंल सही कर आणि झोप. म्हणून तुम्हाला विचारते, तुमच्या बी कडेवर पोरं होती, तुम्ही बी भ्यायल्या असाल कधी. खरं सांगा, तुम्ही काय केलं असतं?