एकात एक बसलेली भांडी

हुबळीच्या दाजीबान पेठेत पांडुरंगशेटचं भांड्यांचं दुकान आहे. त्या दुकानाच्या पायरीशेजारी, भिंतीला पाठ टेकून, भीमसेनअण्णा बसतात. मांडीवर गोणपाटाची घडी, घडीवर भांडं आणि हातात नावं घालायचं विजेवरचं यंत्र. पूर्वी छिन्नी आणि छोटी हातोडी होती. तेव्हा लग्नसराईत त्यांच्या ठोकण्याचा आवाज पेठेच्या तोंडापर्यंत जायचा आणि कुणाच्या तरी लेकीचं लग्न ठरलं हे गिऱ्हाईक यायच्या आधी शेजारच्यांना कळायचं. आता नुसती भुंग्यासारखी घरघर ऐकू येते. पण अक्षर तेच आहे. मराठी नाव आलं की मराठीत, कानडी आलं की कानडीत, आणि दोन्ही लिप्या त्यांच्या हाताला सारख्याच गोल येतात.

कुणाकडे जेवायला गेले की अण्णा आधी ताटाची कड बघतात. आपलं अक्षर दिसलं की सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणतात, "हे माझं."

"अण्णा, अक्षर तेवढं तुमचं. ताट आमचं आहे," घरची बाई म्हणते.

"असू दे की. जगाला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. घालणारा मी एकटाच."

असा हा माणूस. अंगानं किडकिडीत, बोलायला तिखट, आणि आपल्या कामाचा गर्व असा की पांडुरंगशेटलाही पायरी ओलांडताना त्यांच्या मांडीवरून वाकून जावं लागतं. हे सरकत नाहीत.

बायको, रुक्मिणीबाई, गेल्या तेव्हा मात्र अण्णा बरेच दिवस पायरीवर आले नव्हते. केशवापुरातल्या भाड्याच्या घरात ते आणि मुलगा श्रीनिधी, दोघेच उरले. मग श्रीनिधीचं लग्न झालं आणि वेदश्री घरात आली. धारवाडच्या मास्तरांची मुलगी, लष्कराच्या नर्सिंग सेवेत अधिकारी. पुढं भार्गवी झाली. ती रांगायला लागली तोवर वेदश्रीची बदली सरहद्दीकडच्या डोंगरातल्या इस्पितळात झाली. तिथं घरच्यांना नेता येत नाही. लेकराचं दूध तोडून ती गेली. जाताना रडली नाही. रिक्षात बसल्यावर तेवढा पदर तोंडावर घेतला, तो रिक्षा वळेपर्यंत काढला नाही.

श्रीनिधी धारवाडजवळच्या बेलूरच्या कारखान्यात पाळीवर जायचा. म्हणजे पोर अज्जाची झाली. अण्णांनी तिला न्हाऊमाखू घातलं, वाकड्या का होईना पण वेण्या घातल्या, पायरीवर शेजारी बसवून भांड्यांच्या कडांवरची अक्षरं बोटानं गिरवायला शिकवली. तिला भूक लागली, राग आला, दात दुखला, की सगळं अज्जावर निघायचं. ती अंगावर यायची, चावायची, पेठेत आडवी पडून भोकाड पसरायची. पांडुरंगशेट कानावर हात ठेवायचे.

आणि आई रजेवर आली की हीच पोर कशी वागायची? देवळात बसल्यासारखी. आईनं फ्रॉक आणला तर थँक्यू म्हणायची आणि घडी न मोडता कपाटात ठेवायची. मोरीवर जायचं तरी विचारायची. आई म्हणाली चल, तर चालेल. आई म्हणाली राहू दे, तरी चालेल. शेजारणी म्हणायच्या, काय गुणी लेकरू! अण्णांनाही बरं वाटायचं. आपण चांगलं वळण लावलं, असं त्यांना वाटत होतं.

एकदा वेदश्री गॅसपुढं उभी होती. आमटी उकळून खाली यायला लागली तरी तिचं लक्ष नव्हतं.

"मामा," ती सासऱ्यांना म्हणाली, "ही माझ्याशी पाहुण्यासारखी वागते हो."

"लहान आहे अजून."

"तुमच्यावर ओरडते. श्रीनिधीला चावते. मला मात्र सगळं चालेल म्हणते." तिनं गॅस बारीक केला. "मला एकदा तरी चावायला हवं होतं तिनं."

त्या दिवसापासून अण्णांनी पोरीच्या वळणाचं कौतुक करणं बंद केलं.

यंदा वेदश्रीची बदली कारवारला झाली. समुद्राकाठी, नौदलाच्या इस्पितळात. राहायला घर मिळालं आणि या खेपेला घरच्यांना नेता येणार होतं. ती पुढं जाऊन रुजू झाली. श्रीनिधीनं कारखान्यात राजीनामा दिला. कारवारला दुसरं काही बघू, म्हणाला. पेठेला विषय मिळाला.

"अण्णा," पांडुरंगशेट म्हणाले, "बदली सुनेची आणि सामान बांधायचं मुलानं? हे उलटंच झालं की!"

"शेट, सैन्यात हुकूम ज्याच्या नावानं निघतो, त्याच्या मागनं घर जातं. तुमच्या घरात हुकूम कुणाचा निघतो ते काय पेठेला ठाऊक नाही होय?"

गल्ल्यावरचा नोकर फिसकन हसला. शेट आत गेले.

बोलून अण्णा जिंकले. पण मनातलं वेगळंच होतं. "अप्पा, तुम्हीपण चला, कायमचेच," असं श्रीनिधी म्हणत होता. फोनवर वेदश्रीही तेच म्हणत होती. अण्णा म्हणाले, "पंधरवडाभर येतो. घर लावून देतो. पुढचं पुढं." पोर आपल्यावाचून राहायची नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्याची काळजी होती, आणि काळजीच्या तळाशी थोडा आनंदही होता. तो आनंद त्यांना आवडत नव्हता. पण जातही नव्हता.

सामान बांधायच्या दिवशी वेदश्रीच्या काळ्या लोखंडी पेट्या बाहेर निघाल्या. त्यांच्यावर पांढऱ्या रंगात तिचं नाव आणि हुद्दा. कपडे, पुस्तकं श्रीनिधीनं भरली. भांड्यांना मात्र अण्णांनी कुणाला हात लावू दिला नाही. मोठ्या पातेल्यात त्याहून लहान, त्यात तपेलं, तपेल्यात त्याहून लहान, असा एकच गड्डा केला. भार्गवीनं अगदी आत आपली वाटी ठेवली. त्या वाटीशिवाय ती जेवत नसे. अण्णांनी वरून गुडघा देऊन सगळं दाबलं.

"अप्पा, मध्ये कागद तरी घाला. फार घट्ट करायलाय तुम्ही."

"सैल राहिलं की भांडं हलतं, हललं की चेपतं. मला शिकवू नको. जन्म गेला माझा भांड्यांत."

आनंदाची लॉरी ठरली होती. आनंदा केशवापुरातलाच, पोरसवदा दिसणारा पण दोन मुलांचा बाप. सकाळी निघाले. पुढं आनंदा, शेजारी श्रीनिधी, खिडकीशी अण्णा आणि त्यांच्या मांडीवर भार्गवी. कलघटगी गेलं, यल्लापूर गेलं. मग आरबैल घाट लागला आणि रस्ता खड्ड्यांचा झाला. मागं पेट्या दाणदाण आपटत होत्या. आनंदा म्हणाला, "अण्णा, तुमची भांडी वाजेनात की!" अण्णांनी मिशीवरून हात फिरवला. घाट उतरले तशी हवा बदलली. सदरा पाठीला चिकटला. अंकोल्यापुढं झाडांच्या मधून समुद्र दिसला आणि भार्गवी अज्जाचा अंगठा धरून बसली.

वसाहतीच्या फाटकावर पहारेकऱ्यानं हिंदीत विचारलं, कुणाकडे जायचंय? श्रीनिधी कागद काढत होता, तेवढ्यात अण्णाच खिडकीतून ओरडले, "कॅप्टन वेदश्री मॅडम. मैं उनका ससुर." पेठेत बोलायला लाज वाटेल म्हणून मनात धरलेलं वाक्य इथं असं दणक्यात निघालं, याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं.

घर पहिल्या मजल्यावर होतं. वेदश्री जिन्यात उभी होती. तिनं हात पुढं केले. भार्गवीनं अज्जाकडं बघितलं, अज्जानं मान हलवली, तेव्हा ती गेली. आईच्या कडेवर ती लाकडाच्या बाहुलीसारखी ताठ बसली.

"मामा, चूल अजून पेटवली नाही मी," वेदश्री म्हणाली. "रोज मेसमध्ये जेवते. तुम्ही सगळे आल्यावर आधी दूध उतू घालवायचं आणि मगच शिजवायचं, असं ठरवलं होतं."

"काढ भार्गवीच्या हातानं पातेलं," अण्णा म्हणाले.

पातेलं निघेना.

घाटानं आपलं काम केलं होतं. सगळा गड्डा ठोकून ठोकून एकजीव झाला होता. अण्णांनी ओढून बघितलं. श्रीनिधीनं एक बाजू, आनंदानं दुसरी धरली. हात निसटून दोघं दोन भिंतींना जाऊन आपटले, पण भांडी सुटली नाहीत. आनंदाला हसू आवरेना. "अण्णा, म्हणून वाजत नव्हती होय!" अण्णा उकिडवे बसून गड्ड्याकडं बघत राहिले. चेहरा असा झाला की श्रीनिधी उगाचच पेट्या मोजायला लागला.

शेजारच्या घरून डबा आला होता. वेदश्रीनं स्टीलच्या ताटलीत भात कालवला. "भार्गवी, आज यात जेवशील?"

"चालेल."

पण तोंड उघडेना. डोळे भरून आले, ओठ घट्ट मिटले, आणि ती हळूच सरकत अज्जाच्या काखेत शिरली. वेदश्री हातात घास धरून बसून राहिली. तिच्या वॉर्डात म्हणे दांडगे दांडगे शिपाई तिच्या एका नजरेनं औषध गिळतात. इथं घास हातातच वाळायला लागला.

अण्णा उठले. "दूध तरी घेऊन येतो." भार्गवी मागं लागली. "अज्जा, मी!" "ऊन आहे. थांब इथं." तिला असं मागं ठेवून ते कधी गेले नव्हते. जिना उतरताना वर रडं सुरू झालं.

दूध घेऊन परत आले तर जिन्याच्या खालीच पाय थबकले. वर भांडण चाललं होतं.

"माझी वाटी दे!"

"काढते म्हटलं ना! जरा दम धर!"

"तुला येत नाही! अज्जाला येतंय!"

"अज्जानंच अडकवलीय ती!"

"अज्जाला बोलू नको!"

"मग तू धर इकडनं! धर म्हणते ना!"

"ब्याड! ब्याड!" म्हणजे नको, नको. रागावली की पोर कानडीवर यायची.

"अगं, जरा दोघींनी..." हा श्रीनिधी.

"तू गप रे!" दोघी एकदमच ओरडल्या.

मग काहीतरी आपटलं आणि भोकाड सुरू झालं. ते रडणं अण्णांना पाठ होतं. जीभ दिसेपर्यंत तोंड उघडून, मध्ये श्वास अडकवून, सगळ्या जगाला जाब विचारल्यासारखं. आजवर ते त्यांच्या एकट्यासाठी होतं. त्यात आता दुसरा चढा आवाज मिसळला होता, तोही रडका.

अण्णांचा हात कठड्यावर गेला. एक पायरी चढले. मग थांबले आणि तिथंच खाली बसले. दुधाची पिशवी मांडीवर ठेवली. वरून उतरणाऱ्या एका बाईनं विचारलं, "अंकल, कुणाला शोधताय का?"

"नाही बाई. बसलोय."

किती वेळ बसले कोण जाणे. शेवटी वर असा खणखणाट झाला की सगळी दाजीबान पेठ एकदम खाली पडली असावी. मग दोन आवाज एकदम, "निघालं!"

तरीही अण्णा थोडे थांबले. मगच वर गेले. वेदश्रीनं गड्डा गिझरच्या कढत पाण्याच्या बादलीत बसवून आत बर्फ ओतला होता. स्वयंपाकघरात पाणीच पाणी. तिचा कुडता भिजलेला, केस सुटलेले. भार्गवी वाटी छातीशी धरून उभी होती. गालांवर शेंबूड.

"अज्जा, आई लई वाईट आहे. माझ्यावर ओरडली."

"मग तू काय केलंस?"

"चावले."

वेदश्री मनगट दाखवत म्हणाली, "मामा, मी असं ओरडायला नको होतं..."

"दाताचे वण चांगले उठलेत," अण्णा मनगट निरखत म्हणाले. "दूध तापव आता."

दूध उतू गेलं. पोर आपल्या वाटीत, आपल्या हातानं, आईकडं डोळे वटारून बघत जेवली. झोपायच्या वेळी अज्जाच्या चटईवर आली, पण उशी आणायला म्हणून उठली ती आईशी उशीवरून भांडत तिकडंच झोपली.

आनंदा सकाळी परत निघणार होता. अण्णा त्याला म्हणाले, "एक माणूस जादा घे."

श्रीनिधी चिडला. "पंधरवडा म्हणाला होता ना अप्पा?" वेदश्रीनं मात्र तिकडं बघितलं नाही, ती पुसलेलाच ओटा पुसत राहिली. मग म्हणाली, "मामा, माझं चुकलं का काही?"

"अगं, मी इथं असलो की ती माझ्याकडं पळणार. पळायला जागा नसली म्हणजे तुमची भांडणं नीट होतील. येईन मी दिवाळीला. येताना भांडी आणत नाही, घाबरू नको."

परतीच्या वाटेवर घाट चढून झाला. आनंदानंच विचारलं, "नात लई रडली असेल."

"कुठली? वेळ कुठं होता तिला! एक वेणी की दोन, यावरनं आईशी जुंपली होती. मी जातो म्हटलं तर तिकडनंच हात केला. वळूनसुद्धा बघितलं नाही." आणि मग कालचं सगळं त्यांनी पहिल्यापासून सांगितलं. कोण काय म्हणालं, कुठं आपटलं, कसं चावली. आनंदा तिथं होता तरी त्याला सांगितलं.

यल्लापुरात चहाला थांबले तेव्हा टपरीवाल्याला तेच पुन्हा, आता कानडीतून. तो गाळणं हातात धरून ऐकत होता.

"मग अज्जा, पोरगी शेवटी कुणाची झाली म्हणायची?"

"आईचीच की," अण्णा म्हणाले.

टपरीवाल्यानं पेला पुढं केला. अण्णांनी तो दोन्ही हातांत धरला. आनंदाचा चहा पिऊन झाला, त्यानं टायरांना लाथ मारून हवा बघितली, गाडी सुरू केली, तरी ते तो भरलेला पेला तसाच धरून बसले होते.